डोंगरावर तिघेच

दामूच्या उजव्या खांद्यावर, मानेपासून चार बोटं सोडून, एक काळपट पट्टा होता. लांबी बोटभर, रुंदी सायकलच्या दांडीएवढी. तिथली कातडी जाड झालेली. घामाने चिंब झालेला शर्ट पिळायला त्याने काढला, तेव्हा बकुळाला तो दिसला. पट्टा कसला ते तिने ओळखलं आणि वहीत दामूची वेळ लिहिली.

१९९१ सालचा डिसेंबर होता. गणेशपुरीपलीकडच्या या डोंगरावर सायकलची शर्यत नऊ वर्षांपूर्वी सुरू केली ती बकुळाच्या वडिलांनी, केसरीनाथ मास्तरांनी. घड्याळ लावून प्रत्येकाची वेळ घ्यायला पहिल्यापासून बकुळाच. दोन वर्षांपूर्वी कोन गावच्या मंडळाने शेतातली सायकल शर्यत काढली आणि तिला वेळ घ्यायला बोलावलं. ती दोन्ही वर्षं 'कळवते' म्हणाली होती. बाबांना ते माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी डोंगर एकतीस जण चढले. यंदा तिघे. मास्तर अजूनही खालच्या वळणाकडे डोळे लावून होते.

"मास्तर, टेन्शन कायको लेते?" तिघांतला, कापडाच्या लूमवर काम करणारा नूर मोहम्मद धापा टाकत म्हणाला. "तीन आले, तिघांना बक्षीस. झगडाच नाही!"

मास्तर हसले नाहीत. त्यांची नजर दामूच्या खांद्यावर गेली होती. तीन वर्षं सलग पहिला येणारा हा त्यांचा लाडका गडी.

"हे काय रे?"

"दांडी लागली, मास्तर. कोनला बांध आला की सायकल खांद्याव घ्यायची नि चिखलातनं पळायचं. रोज सराव करतो."

"तू?" मास्तर दगडावर बसले. "तूसुद्धा? अरे, सायकल चालवायची असते! हमाल आहेस का तू?"

दामू शर्टाची बटणं लावत राहिला. "तिथं बांधाव उभं राहिलं की सगळी फेरी दिसते. आई येते बघाय. हितं चार वर्षं चढलो, आईनं एकदाबी मला न्हाय बघितलं."

मास्तरांनी लेकीकडे पाहिलं. "आणि बाकीचे अठ्ठावीस?"

"तिथेच, बाबा."

"तुला ठाऊक होतं?"

बकुळाने वही मिटली. "होतं. बाबा, पुढच्या रविवारी कोनला वेळ मी घेणार आहे."