यादीबाहेरचा

इस्पितळातल्या पलंगावर बसून छोटीने वहिनीचा डावा पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्याचं नख जपून कापलं. औषधांनी नखं काळी पडली होती, जरा जोर लागला की तुकडे पडत. 'छोटी' हे नाव वहिनीनेच ठेवलेलं, लग्न होऊन घरात आली त्याच आठवड्यात. चाळिशी उलटली, प्रयोगशाळेत हाताखाली चार माणसं आली, तरी घरात ती छोटीच.

"लक्ष कुठंय तुझं?" वहिनी म्हणाली. "बोटासकट कापशील."

"वहिनी, मला काही सांगायचंय."

"मग सांग की. मी कुठे पळून चाललेय?"

छोटीने नेलकटर मिटलं. तीन वर्षांपूर्वी तिनेच मागे लागून वहिनीला तपासणी करायला लावली होती. गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगामागे एक विषाणू असतो. त्याचे प्रकार पुष्कळ, त्यातले चौदा त्यांच्या चाचणीला ओळखता येतात. ब्रश आणि नळी तिने घरी पाठवली, वहिनीने घरीच नमुना घेऊन परत दिला. चौदांतला एकही सापडला नाही. "पाच वर्षं सुट्टी!" छोटी फोनवर ओरडली होती. पुढे अवेळी रक्त जायला लागलं, तरी वहिनी निर्धास्त राहिली. रिपोर्ट स्वच्छ होता, आणि घरच्या माणसाने दिलेला होता.

"तुझ्या गाठीचा तुकडा आमच्याकडे आला होता," छोटी म्हणाली. "त्यात जो प्रकार निघाला, तो आमच्या यादीतच नाही. ती यादी दुसरीकडच्याच बायका तपासून केलेली. आता आम्ही वेगवेगळ्या समाजांतल्या बायकांचे नमुने ताडून बघतोय, तर आपल्यांत हा बराच निघतोय. मला दीड वर्षापूर्वीच शंका आली होती. साहेब म्हणाले, आकडा लहान आहे, थांबू. मी थांबले. तेव्हाच तुला परत बोलवायला हवं होतं. त्या आकड्यात तू असशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

वहिनीने चादर पायांवर ओढून घेतली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"कुणाकडून आला, ते कळतं का तुमच्या यंत्राला?" तिने विचारलं.

"नाही. कुणाकडून तेही नाही, कधी तेही नाही. वीस-वीस वर्षं अंगात गप्प बसून राहतो तो."

"मग तेवढं ह्यांना सांग."

छोटीला आत्ता उमगलं. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून दादा पलंगाच्या पायथ्याशीच उभा राहत होता. फळं आणायचा, तांब्या भरायचा आणि पुन्हा पायथ्याशी. दोन आठवडे झाले, बायकोच्या कपाळाला त्याने हात लावला नव्हता. त्याला काय विचारायचंय ते तो विचारत नव्हता, आणि वहिनीही.

तो पाणी घेऊन आला तेव्हा छोटीने तेवढंच सांगितलं. "हिचाही दोष नाही, दादा, तुझाही नाही. आपल्या कितीतरी बायकांत निघतोय."

सुतारकामाने जाड झालेली दादाची बोटं पलंगाच्या लोखंडी दांडीवर आवळली आणि हळूहळू सैल पडली. मग त्याने बहिणीकडे पाहिलं.

"पण तू तर तपासलं होतंस. स्वच्छ आहे म्हणालीस."

छोटीने तोंड उघडलं.

"कुठलं तपासलं!" वहिनी मध्येच बोलली. "मी माझा नमुना दिलाच नव्हता. नणंदेने असलं काही बघायचं म्हणजे लाज वाटली मला. माझ्या शिवणवर्गातल्या एका पोरीचा दिला पाठवून."

"वहिनी..."

"तू गप्प बस. तुझ्यापाशी खोटं बोलले मी, त्याची शिक्षा भोगतेय."

दादाचा बांध फुटला. "अगं, छोटीची कसली लाज? तुझ्या हातची जेवून वाढली ती! अक्कल गहाण टाकली होतीस का?" बोलता बोलता तो पायथा सोडून उशाशी आला, स्टूल ओढून बसला, आणि रागावत असतानाच त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"चुकलं माझं," वहिनी म्हणाली. मग नणंदेकडे न बघता, "छोटी, खाली चहा मिळतो. ह्यांच्यासाठी आण, आणि तूही घे. त्यांना एकट्याला चहा जात नाही. लक्षात ठेव."

छोटी बाहेर आली. मागून दादाचं रागावणं ऐकू येत होतं, मध्येमध्ये वहिनीचं "हो, चुकलं". मग दादाचा आवाज फुटला, आणि वहिनी त्याची समजूत घालू लागली.

जिन्यापाशी छोटी थांबली. परत जाऊन खरं सांगायला बारा पावलंही लागली नसती.

कठड्याला धरून ती एकेक पायरी उतरू लागली.