खिडकीखालची तांबडी भाजी

त्या वर्षी राजभाषेवरून आंदोलन पेटलं होतं. पेडण्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर आंदोलक कधी कुठे झाडं आडवी टाकतील याचा नेम नव्हता. म्हापशाच्या कचेरीतून स्कूटरवरून पार्सेला परतताना गोकुळदासला तिन्हीसांजेच्या अंधारात वळणावरचा ओंडका दिसला नाही. कमरेचं हाड मोडलं. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, सुमंगलाला, बाजूला घेऊन सांगितलं, की हा पुन्हा चालेल की नाही ते आताच सांगता येणार नाही.

सुरुवातीला समाचाराला माणसं खूप आली. गोकुळदासला पाहून झालं की ती ओट्यावर बसत, चहा घेत आणि मराठी की कोकणी यावर हमरीतुमरीवर येत. आत गोकुळदास भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. हळूहळू माणसं येईनाशी झाली. तो मात्र भिंतीकडेच वळलेला राहिला.

एकदा पेजेची वाटी दूर सारून तो म्हणाला, "माका थंयच रस्त्यार सोडूचां होतां. कित्याक उचलून हाडल्यात?"

त्यानंतर तो जवळजवळ बोललाच नाही. सुमंगला पेज भरवायची, दोन चमचे आत जायचे, बाकीची परसातल्या गायरीत, खताच्या खड्ड्यात, ओतली जायची. त्याच्या हातांची हाडं वर आली होती.

सुमंगलाच्या हातून कधीच काही धड होत नसे. किल्ल्या हरवत, दूध उतू जाई, साखरेच्या डब्यात मीठ भरलं जाई. लग्न झाल्यापासून घराची घडी बसवली ती गोकुळदासने. परसातले भाजीचे वाफे म्हणजे तर त्याचा जीव की प्राण. भात कापून झालं की तो दोरी लावून वाफे आखायचा, माठाची तांबडी भाजी, मुळा, वाल वेगवेगळं पेरायचा. सुमंगलाने त्या मातीत कधी पाय ठेवला नव्हता. तिच्या पायाने काहीतरी मोडेल, असं दोघांनाही वाटायचं.

चुलीच्या वर त्याच्या बियाण्याच्या पुरचुंड्या टांगलेल्या होत्या. एक दिवस तिला वाटलं, त्याच्या हातची नाही तर निदान त्याच्या बियांची भाजी ताटात पडली, तर कदाचित तो जेवेल. विचार एवढाच होता. त्यापुढचं तिला काही ठाऊक नव्हतं.

तिने पुरचुंड्या एका सुपात सोडल्या आणि मांजराने सूप उलटवलं. सगळं बी एक झालं. तिने ते तसंच पेरलं आणि कळशी उपडी करून पाणी घातलं. बी वाहून वाफ्याच्या एका कोपऱ्यात गेलं. जे उरलं ते मुंग्यांनी रांग लावून नेलं. थोडं बी तिने मागे ठेवलं होतं, ते पुन्हा पेरलं. या खेपेला कोंब आले. तण समजून तिने निम्मे उपटले, आणि जे हिरवंगार वाढत होतं त्याला मायेने पाणी घालत राहिली. शेजारची शांता कुंपणापलीकडून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"गो सुमंगला, ता तण. काटेमाठ ता. तू तण कित्याक शिंपतंस?"

सुमंगलाने ते काटे हातानेच उपटले. तळव्यांतून रक्त आलं. तरी एका बाजूला चार बोटं उंचीची तांबडी रोपं उरली होती. ती त्यांच्याकडे सकाळ-संध्याकाळ जाऊन बघायची. त्याला काही सांगायची नाही. आधी ताटात पडू दे, मग सांगू, असं ठरवलं होतं.

आणि एका दुपारी परसाचं फाटक उघडंच राहिलं. कपडे वाळत घालून ती परतली तेव्हा कुणाची तरी गाय वाफ्यात उभी होती. एकही रोप उरलं नव्हतं.

गाईला हाकलण्याचंही बळ तिच्यात नव्हतं. ती कळशी घेऊन विहिरीवर गेली. आत वाकून बघताना तिला वाटलं, आणखी जरा वाकलं की झालं. मग कसली पेज नाही, कसले वाफे नाहीत. आपल्याच त्या विचाराने ती दचकली. कळशी तिथेच टाकून धावत घरात आली आणि त्याच्या खाटेशी जमिनीवर बसली.

"तुमचां सगळां बियाणां संपलां," ती म्हणाली. "मीच संपवलंय. माका काय्येक जमणा नाय. भाजी जमणा नाय, तुमका सांभाळूक जमणा नाय. आता माझ्यान होणा नाय."

भिंतीकडे तोंड ठेवूनच त्याने विचारलं, "बियात राख मिसळलंस?"

"नाय."

"मगे मुंग्यो लागल्यो आसतल्यो."

"लागल्यो."

"कोंबड्यो शिरतत, आडोसो बांदलंस?"

"तुमची लुंगी बांदलंय. ती गायन खाल्ली."

त्याची पाठ हलू लागली. तिला वाटलं तो रडतोय. तो हसत होता. कमरेत कळ आली तसा कण्हला, तरी हसत राहिला, आणि मग खरोखरच रडू लागला. अपघातानंतर पहिल्यांदाच. तिने त्याचा हात धरला. तो हात त्याने सोडवून घेतला नाही.

"पयल्या वर्साक माझां सगळां करपलां," थोड्या वेळाने तो म्हणाला. "आई हसात म्हणान मी म्हापशाच्या बाजारातसून भाजी हाडलंय नि वाफ्यात टोचून ठेवलंय. सांजेपर्यंत सगळी माना टाकून आडवी."

"माका कदी सांगूक नाय ता?"

"कोणाक सांगूक नाय." त्याने मान वळवली. इतक्या दिवसांनी त्याचे डोळे तिच्याकडे होते, खोल गेलेले, लाल. "शांताकडे बी माग. ह्या खिडकीखाली पेर. वाकडां झालां तर वाकडां. पेरणारो कोण ता बियाक कळणा नाय, ओल तेवडी कळता."

तिने पेरलं. राख मिसळली, पाणी हाताने शिंपडलं. वाफा तिरकाच झाला. एका टोकाला रोपांची गर्दी, दुसऱ्या टोकाला नुसती माती. दोन वेळा ती पाणी घालायला विसरली. खिडकीतून त्याने आठवण करून दिली. कधी तो दिवसभर गप्प राही, पेज परत पाठवी, आणि तिचा धीर पुन्हा सुटे. डॉक्टर आले, कमर दाबून पाहून गेले. रेडिओवर राजभाषेचा कायदा झाल्याची बातमी आधीच येऊन गेली होती; वाडीतली माणसं त्यावर अजून भांडत होती. या घरात लक्ष होतं ते वाफ्याकडे.

भाजी निघाली ती मूठभर. धुताना तिने घाई केली. खोबरं घालून परतली, भातासोबत ताटात वाढली, आणि त्याला उशीला टेकवून बसवलं.

त्याने पहिला घास चावला आणि थांबला. दाताखाली कचकच झाली.

"माती लागता," तो म्हणाला.

सुमंगलाचं तोंड उतरलं. तिने ताट घ्यायला हात पुढे केला.

त्याने ताट आपल्याकडे ओढून धरलं आणि सावकाश दुसरा घास चावू लागला.