न झाडलेली गच्ची

“ऑडिटवाले येऊन राहिले म्हणून गच्ची झाडू नको, सूनबाई,” शेजारच्या गिरजामावशी म्हणाल्या होत्या. “आहे तशी पाहू दे त्याइले.”

मी हसले होते. “मावशी, परके लोक वर चढणार. काय म्हणतील?”

“म्हणू दे. तुयं लग्न ठरवाले येऊन राहिले का?”

आमची गल्ली हथखोजची, कारखान्यांच्या वस्तीतली. मागे लोखंडाची मिल, मध्ये एक भिंत. मिलमध्ये धूळ ओढून घेणारं मशीन आहे, पण ते वीज फार खातं, म्हणून बहुतेक बंदच असतं. मग काळी भुकटी आमच्याकडे येते. वाळत घातलेल्या दुपट्यांवर, टाकीच्या झाकणावर, गुंजनच्या केसांत. गुंजन माझी मुलगी, तेव्हा नुकती चालायला लागलेली. ती झोपली की मी तिची छाती बघत बसायचे, नीट वर-खाली होते ना म्हणून. मावशी एकट्या, त्यांना दमा. मशीन रोज चालावं, एवढंच आम्हा दोघींना हवं होतं.

त्यासाठी मी सरकारी ऑफिसात गेले होते. तिथल्या बाबूने चांगलं बसवून सांगितलं, की मिलकडे एका प्रायव्हेट एजन्सीचं, प्रदूषण होत नसल्याचं ग्रीन सर्टिफिकेट आहे, आणि ते ज्यांच्याकडे असतं तिथे आमचा इन्स्पेक्टर सहसा जात नाही. “एजन्सी देखती है, हम मानते हैं. दोनों मिलके काम करते हैं, मैडम.” एजन्सीचे लोक शेजाऱ्यांशीही बोलतात, तेव्हा त्यांना सांगा, म्हणाला. मला पटलं. एकाच्या जागी दोघं बघणारे, वाईट काय त्यात?

एजन्सीच्या ऑडिटची, म्हणजे तपासणीची, तारीख मिलला आधीच कळली होती. मशीन सुरू झालं, कपडे पांढरे वाळायला लागले. आणि पाहुणे येणार म्हटल्यावर गल्लीतल्या बायका काय करणार? समोरच्या रीनाने दारात रांगोळी काढली. मी गच्ची धुतली, कुंड्या पुसल्या, टाकीचं झाकणसुद्धा घासलं.

ऑडिटर मॅडम बऱ्या होत्या. मी मशीनचं सांगितलं, गुंजनच्या खोकल्याचं सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं.

“धूल कहाँ बैठती है, दिखाइए.”

मी झाकणावरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ.

“घर बहुत साफ रखा है आपने,” म्हणाल्या आणि फोटो काढला.

मी त्यांना मावशींच्या न झाडलेल्या गच्चीकडे न्यायला बघितलं. तिथे जायला लोखंडी शिडी. मॅडमनी शिडीकडे बघितलं, मग आपल्या गुडघ्याकडे. “अगली बार.”

मावशी ओट्यावर बसून होत्या. त्यांनी गुंजनला जवळ घेतलं.

सर्टिफिकेट पुन्हा मिळालं. मशीन पुन्हा बंद. सरकारी ऑफिसात गेले तर बाबू म्हणाला, “एजन्सी ने तो साफ बताया है.” एजन्सीला फोन लावला तर तिथली मुलगी म्हणाली, “रोज का तो सरकार देखती है, मैम.” कोणी दारावरून हाकललं नाही, दोघंही गोडच बोलले. गुंजनला कडेवर घेऊन मी या दोघांच्या मध्ये पुष्कळ फिरले. मग हात दुखायला लागला, आणि मी फिरणं सोडलं.

प्रवीणने, माझ्या नवऱ्याने, मिलपासून लांब, सुपेल्यात खोली घेतली. इथे गाड्यांचा धूर आहे, पण गुंजन झोपते. निघताना मी म्हटलं, मावशी, तुम्हीपण चला.

“मी आली त गच्ची कोन दाखवन? कधी तरी न सांगता येईन कोनी.”

त्यांनी तेव्हापासून गच्ची झाडली नाही. कोणाला झाडूही देत नाहीत. फोनवर अर्धं बोलणं आणि अर्धी धाप. मी रोज म्हणायचे, डॉक्टरकडे जा. त्या म्हणायच्या, “जातो न वं. गुंजन जेवली का?”

आता त्यांचा फोन लागत नाही. रीनाचा नवरा त्याच मिलमध्ये आहे, ती माझा फोन उचलत नाही. गुंजनला ताप आहे, तिला त्या धुळीत कशी नेऊ? प्रवीण म्हणतो, रविवारी जाऊ. रविवार लांब आहे.

तुमचं हथखोजकडे जाणं होत असेल, तर मिलच्या मागच्या गल्लीत वळा. शेवटचं घर, बाजूला लोखंडी शिडी. गच्ची काळी दिसली तरी एक हाक मारा, जरा मोठ्याने, त्यांना कमी ऐकू येतं. आणि झाडलेली दिसली, तर ती मावशींनी झाडलेली नाही. मग आजूबाजूला विचारा, त्यांना कुठे नेलं, आणि मला कळवा.