मावशीच्या छातीतला दारवान

मी एक जुना दारवान आहे. मात्र माझ्या दाराला ना कडी, ना कोयंडा. एका मावशीच्या हृदयात, वरच्या दोन खोल्या आणि खालच्या दोन खोल्या यांच्या मधोमध मी बसतो. असेन तांदळाच्या दाण्याएवढा. हसू नका, मित्रांनो, काम मोठं आहे.

वरच्या खोलीच्या कोपऱ्यात माझी ताई राहते. ती विजेची इवलीशी लहर सोडते, वरच्या खोल्या आकसतात आणि लहर माझ्याकडे येते. मी म्हणतो, "थांब जरा." तेवढ्यात वरचं रक्त खाली उतरतं. मग मी दार उघडतो आणि खालच्या खोल्या ते रक्त अंगभर ढकलतात. पापणी लवायच्या आत हे सगळं उरकतं. पण कौतुक म्हणाल तर सगळं ताईचं! थांबवणाऱ्याला कोण शाबासकी देतो?

तरी ते दिवस फार गोड होते. मावशी पाळणाघर चालवते. दुपारी पडदे ओढले की खोली निळसर व्हायची. दुधाचा वास, पंख्याची घरघर. मावशी एकेका बाळाला छातीशी धरून येरझाऱ्या घालायची. बाळाचा कान नेमका आमच्यावर. धक-धक, धक-धक. बाळ जड होत जायचं, त्याची मूठ सुटायची, आणि मला वाटायचं, आम्ही सगळेच कोमट पाण्यात तरंगतोय.

मग मावशीचं वय झालं. वरच्या खोल्यांच्या भिंती ताणल्या, थकल्या. एके दुपारी तिथे एकच गलका उठला! भलभलत्या जागांहून लहरी उठल्या, त्यात ताईचा आवाज बुडून गेला. खोल्या आकसेनात, नुसत्या थरथरू लागल्या. सगळ्या लहरी माझ्या दारावर येऊन आदळल्या. सगळ्यांना सोडलं असतं तर मावशीचं काही खरं नव्हतं. जमेल तेवढ्यांना मी अडवलं. तरी काही निसटल्याच, कधी दोन लागोपाठ, कधी मध्येच एखादी. मावशीचा ठोका बेताल झाला. तिला धाप लागायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची.

ती कुणाला बोलली नाही. "हे कळलं तर माझ्या हातात बाळ कोण देईल?" असं आरशापुढे पुटपुटली. चक्कर आली तरी बाळ पडू नये म्हणून त्या दिवसापासून ती भिंतीला टेकून जमिनीवरच बसायची.

सगळ्यांत धाकटी होती चिमणी. मावशीच्या छातीला कान लावायची, दचकायची आणि भोकाड पसरायची. "पोट दुखत असेल हो तिचं," मदतनीस बाई म्हणाल्या. संध्याकाळी चिमणीची आई तिला न्यायला आली. ती नर्स होती. आईच्या छातीशी जाताच चिमणी गप्प! आईने एकदा मावशीच्या घामेजल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचं मनगट धरलं.

"कधीपासून होतंय हे?"

"काही नाही गं, वय झालं."

"वय झालं म्हणून नाडी अशा उड्या मारत नाही. चला, आत्ताच्या आत्ता."

"आणि मग? देशील का हिला पुन्हा माझ्याकडे?" मावशीला रडू फुटलं.

"तुमच्याशिवाय ती राहते का कुणाकडे? पण आधी तुम्ही तर राहा!"

दवाखान्यात कागदावर आमची वेडीवाकडी रेघ उमटली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वरती नुसता गोंधळ आहे. मधली गाठ अडवतेय म्हणून निभावलंय." अहाहा! ती मधली गाठ म्हणजे मीच. जन्मातली पहिली शाबासकी!

रक्त साकळू नये म्हणून एक गोळी आली, माझ्या मदतीला दुसरी. काही आठवड्यांनी वरचा गलका मोडायला डॉक्टरीणबाईंनी मावशीला झोपवून विजेचा एक झटका दिला. सगळं गप्प. मी अंधारात कान देऊन बसलो. ताई, अगं, आहेस ना? आणि कोपऱ्यातून तिची ओळखीची लहर आली. माझा जीव भांड्यात पडला. तरी आधी म्हणालो, "थांब जरा."

गलका पुन्हा उठू शकतो, म्हणून मावशी गोळ्या चुकवत नाही. मित्रांनो, घरातलं कुणी 'छातीत धडधडतंय' म्हणालं तर 'घाबरतेस काय' म्हणून हसण्यावारी नेऊ नका. त्यांचा हात धरा, डॉक्टरांकडे न्या. आणि तुम्हाला होत असेल तर लपवू नका.

पाळणाघर पुन्हा उघडलं तेव्हा मावशी सवयीने जमिनीवरच बसली होती. चिमणीची आई दारातून म्हणाली, "उठा मावशी. उभ्या राहून घ्या हिला."

मावशी उठली. चिमणीने कान लावला. थोडा वेळ ऐकलं. मग तिची मूठ सुटली.