डेल्बर्टने मिटलेली बंदूक

मी एक बंदूक बोलतेय. पूर्ण मापाची नाही, बरं का. आमच्या अमेरिकेतल्या मोंटानात पूर्वी गवे मारायच्या अवजड बंदुका असत. त्यांची मी हुबेहूब, पण पाऊण मापाची नक्कल. माझ्यात एका वेळी एकच काडतूस मावतं, तेही करंगळीहून बारीक.

डेल्बर्टने मला कुरणातल्या खारींसाठी घेतलं. त्या जमीन पोखरतात, आणि बिळात पाय जाऊन त्याचे दोन घोडे जायबंदी झाले होते.

"दादा, ही पाळण्यात घालून आणलीस काय?" धाकट्या भावाने, वेंडलने, विचारलं.

"हळू बोल. आत्ताच झोपलीय."

कुंपणाशी आला की डेल्बर्ट माझा खालचा दांडा ओढून मला उघडायचा, काडतूस काढायचा, मागून नळीत बोट घालून बघायचा आणि मगच पलीकडे जायचा. कधी चुकला नाही. म्हणून 'रिकामी आहे ना?' असं त्याला कुणी विचारतही नसे.

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, त्याने काडतूस भरलं, दांडा मिटला आणि खार डोकं वर काढायची वाट बघत गवतात पालथा पडून राहिला. तो उठलाच नाही. छातीत कळ आली असावी. मला वेंडलने घरी आणलं. दादाची बंदूक, तिच्यात काय बघायचं? त्याने मला लोखंडी कपाटात ठेवलं.

तेव्हापासून मी इथे आहे, पोटात ते काडतूस घेऊन. डेल्बर्टची बायको आयोना अधूनमधून कपाट उघडते, तेलाच्या फडक्याने माझी नळी पुसते. दांड्याला हात लावत नाही. मला किती सांगायचं असतं. मग कुलूप लागतं.

आज सकाळी वेंडल आला.

"वहिनी, स्वयंपाकघरात भिंतीवर लावू हिला. आधी आतून पुसतो."

त्याची बोटं दांड्यावर आली. वाटलं, सुटले.

"नको, भावजी. शेवटचा तो दांडा ह्यांनी मिटलाय. राहू दे तसाच."

वेंडलने बोटं काढून घेतली. "बरं. दादाच्या हातची म्हणजे रिकामीच असणार."

मला परत आत ठेवून तो खिळे ठोकायला गेला. ठोके मला इथे ऐकू येताहेत. "माझ्या खुर्चीवरून दिसेल अशी लावा," आयोना सांगतेय.

आयोना, त्याने मला मिटलं ते जपून ठेवायला नव्हे गं. कुंपणाशी तो मला उघडणारच होता. तेवढं त्याचं काम राहिलंय. ते तू कर.