मानेत नसलेली ग्रंथी

डिसेंबरात आई गेली तेव्हा मला रडू आलं नाही. तीन दिवस मी काळे कपडे घालून तिच्या फोटोशेजारी उभी होते, येणाऱ्याजाणाऱ्याला वाकून नमस्कार करत होते. मोठ्या मावशीने सगळ्यांदेखत विचारलं, "ह्ये-रिम, दगडाची आहेस का गं? सख्खी आई होती तुझी." मी "हो मावशी" म्हटलं. कशाला हो म्हटलं, ते मलाही कळलं नाही.

दक्षिण कोरियातल्या वांदो बेटावर आमचा समुद्री शेवाळ वाळवून विकायचा धंदा आहे. त्या हिवाळ्यात माझे हात चालेनात. दोन स्वेटरांवर जाकीट घालूनही थंडी जात नव्हती. तोंड सुजलं, आवाज घोगरा झाला, कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले. धाकटे दीर म्हणायचे, "वहिनी, तुम्ही पसरेपर्यंत हे शेवाळ परत समुद्रात जाईल." लोक हसायचे. मला राग येत नव्हता आणि हसूही येत नव्हतं. बेटावरच्या डॉक्टरांनी आईचं दुःख म्हणून मन हलकं होण्याच्या गोळ्या दिल्या. मी नुसती झोपत राहिले.

मार्चमध्ये बोटीवर चढताना मी पाय घसरून पडले. नवरा, ग्यु-सॉप, मला मोकपो शहरातल्या हॉस्पिटलात घेऊन गेला. तिथे डॉक्टर प्यो नावाच्या बाई होत्या, माझ्याच वयाच्या. हनुवटीखालचा व्रण पाहून त्यांनी विचारलं, हे कशाचं. मागच्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका हॉस्पिटलात बोराएवढी गाठ काढली होती, पाण्याची गाठ आहे असं तिथले डॉक्टर म्हणाले होते, असं मी सांगितलं. त्यांनी रक्त घेतलं. मग सोनोग्राफीची दांडी मानेवरून फिरवली. परत फिरवली. तिसऱ्यांदा फिरवताना त्यांनी पडदा स्वतःकडे वळवला.

दुसऱ्या दिवशी किरणोत्सारी औषध देऊन फोटो काढले. त्या दुसऱ्या हॉस्पिटलातून गाठीचा तपासणी अहवालही मागवला. तो सात महिने माझ्या फाइलमध्ये पडून होता. आम्हाला कोणी दाखवला नव्हता.

डॉक्टर प्योंनी खुर्ची जवळ ओढली. "थायरॉइड ग्रंथी बाळ आईच्या पोटात असताना जिभेच्या मुळाशी तयार होते आणि तिथून खाली मानेत उतरते," त्या म्हणाल्या. "तुमची वाटेतच थांबली. काढली ती गाठ नव्हती. तीच तुमची थायरॉइड होती, एकुलती एक. मानेत दुसरी नाहीच. ती नसली की अंग गार पडतं, मनही."

ग्यु-सॉपने विचारलं, "मग कापायच्या आधी मान बघायची नव्हती का त्यांनी?"

"बघायला हवी होती."

तो उठून बाहेर गेला. डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी लिहून दिली. मी विचारलं, किती दिवस. त्या म्हणाल्या, जन्मभर, रोज सकाळी उपाशीपोटी, सुरुवात थोडी आणि मग वाढवत. बरं, म्हटलं. आपल्याबद्दलच बोलणं चाललंय असं वाटत नव्हतं. शेजारच्या घराची भिंत पडल्याचं कानावर यावं, तेवढंच.

ग्यु-सॉपने तक्रार केली. एप्रिलमध्ये गाठ काढणारे सर्जन स्वतः बेटावर आले, आमच्या उंबऱ्याशी कमरेत वाकून माफी मागत बराच वेळ तसेच राहिले. म्हातारे होते. मी त्यांना बार्लीचा चहा दिला. त्यांनी तो प्यायला आणि ते गेले.

तक्रार अजून चालू आहे. सूज मे महिन्यात उतरली. आवाज थोडा सुधारला. जूनमध्ये लांब पट्ट्यांचं मोठं शेवाळ वाळत घालताना ग्यु-सॉपने पट्ट्या एकावर एक टाकल्या होत्या, तशा त्या चिकटतात, आणि मी भर उन्हात त्याच्यावर ओरडले, "वीस वर्षं हेच करतोयस, एवढंसुद्धा कळत नाही?" छाती धडधडत होती, घाम आला होता. तो वाकून एकेक पट्टी सोडवू लागला. मी दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली.