ह्यांची सीट

मिस्त्रीने पिकअपचं दार उघडून सीटखालचा दांडा चाचपला, तशी ती पायरीवरून ताडकन उठली.

“सीट नका हलवू.”

“वहिनी, माझे पाय पोचायला नकोत?”

“ह्यांची आहे ती. राहू दे तशीच.”

मिस्त्री मुळात बुटका. सीटच्या कडेला कसाबसा टेकून त्याने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि समोरचा पिवळा दिवाही लागला. धुराचा सेन्सर. दोनदा नवा बसवून झाला होता, तरी ये रे माझ्या मागल्या. आता पुन्हा दिवा लागला तर गाडी विकायची, असं मुलाने फोनवर बजावलं होतं. म्हणून तर त्याला न सांगता तिने मिस्त्रीला घरी बोलावलं होतं.

त्याने तपासणीचं यंत्र जोडलं आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

“गाडी चाललीय जेमतेम, इंजिन मात्र रग्गड चाललंय. उभ्या उभ्या कोण चालू ठेवतं हो?”

ती बोटातली अंगठी फिरवत राहिली.

“मीच. संध्याकाळी. आवाजासाठी.”

पूर्वी त्या वेळेला वळणावरून हाच आवाज यायचा, मग फाटकाशी एकच छोटा हॉर्न, आणि ती ओल्या हातांनीच फाटक उघडायला धावायची. हे गेल्यापासून संध्याकाळ अंगावर यायची. मग ती गाडीत शेजारच्या सीटवर बसून हात लांबवून किल्ली फिरवी. इंजिन घरघरत असेपर्यंत घरात माणूस असल्यासारखं वाटे.

मिस्त्रीने यंत्राची वायर गुंडाळली.

“म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. मी आपला सेन्सरच बदलत बसलो. नुसतं उभं ठेवून इंजिन पुरेसं तापत नाही, काजळी जळत नाही, ती जाऊन बसते सेन्सरवर. हिला पळवायला हवं. दर आठवड्याला, मोठ्या रस्त्यावर.”

“पळवणार कोण?”

“लायसन आहे की तुमचं! त्यांनी शिकवलं तेव्हा मागे हौद्यात मीच बसलो होतो, जीव मुठीत धरून.”

तिला हसू आलं, आणि त्या हसण्यानेच डोळे भरून आले.

सेन्सर काढून, साफ करून त्याने परत बसवला. मग तसंच कडेला टेकून, पाय ताणत, तिला शेजारी बसवून गाडी मोठ्या रस्त्यावर पळवली. परतताना त्याच्या गॅरेजसमोर आले तेव्हा दिवा विझलेलाच होता. मिस्त्री उतरला. खिशातून खडू काढून त्याने सीटखालच्या पट्टीवर रेघ ओढली.

“सीट होती तिथे खूण केलीय. वाटेल तेव्हा मागे न्या. पण आता घरी तुम्हालाच न्यायचीय गाडी.”

तो आत निघून गेला. ती चाकामागे बसली. पाय क्लचपर्यंत पोचेनात. दांड्यावर हात ठेवून ती जराशी थांबली, मग तिने सीट पुढे ओढली. कर्रकन आवाज झाला. आरशात नुसतं छत दिसत होतं, तोही खाली केला.

वळणावर आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. फाटक बंद होतं. हात आपोआप हॉर्नवर गेला. तिने एकदाच वाजवला, छोटासा.

थोडा वेळ ती तशीच फाटकाकडे बघत राहिली. मग उतरली आणि तिनेच ते उघडलं.